यंत्र नसलेला शास्त्रज्ञ : दोनातो पालुम्बो आणि युरोपची संमीलन-मोहीम

१/ १३ ऑक्टोबर १९७७. स्पेनच्या मायोर्का बेटावरून फ्रँकफर्टकडे निघालेले लुफ्तान्साचे ‘लाण्ड्सहूट’ नावाचे विमान चार अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतले. पाच दिवस ते विमान एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर भटकत राहिले. एडनमध्ये वैमानिकाची हत्या झाली. अखेरीस १८ ऑक्टोबरला सोमालियाच्या मोगादिशू विमानतळावर पश्चिम जर्मनीच्या ‘जीएसजी-९’ पथकाने विमानावर छापा घातला आणि उरलेल्या सर्व ओलिसांची सुटका केली. या पथकाच्या मदतीला ब्रिटनच्या एसएएस दलातील दोन जण आले होते. डोळे दिपवणारे आणि कान बधिर करणारे विशेष हातगोळे त्यांनी सोबत आणले होते.

सात दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, युरोपीय समुदायाच्या मंत्र्यांनी दोन वर्षे रखडलेल्या एका प्रश्नाचा निकाल लावला : जगातील सर्वात मोठे संमीलन-यंत्र कोठे उभारायचे? शर्यतीत शेवटी दोनच नावे उरली होती, जर्मनीचे गार्किंग आणि इंग्लंडचे कुलहॅम. कौल कुलहॅमच्या बाजूने पडला.

या दोन घटनांचा संबंध किती, हा वाद आजही मिटलेला नाही. हा धागा मात्र विमानाचा नाही. त्या निर्णयाची वाट पाहणाऱ्या एका मितभाषी सिसिलियन भौतिकशास्त्रज्ञाचा आहे.

२/ दोनातो पालुम्बो (१९२१–२०११). इतिहासाच्या पुस्तकांत हे नाव क्वचितच सापडते, आणि त्याचे कारणही उघड आहे. संमीलनाच्या इतिहासात ज्यांची नावे राहिली त्यांनी यंत्रे कल्पिली किंवा उभारली : सखारोव्ह, ताम, आर्त्सिमोविच, स्पिट्झर, रेबू. पालुम्बो यांनी स्वतःच्या हाताखाली एकही यंत्र ठेवले नाही. जवळजवळ तीन दशके ते ब्रुसेल्समधून सहा, नंतर नऊ, नंतर बारा देशांच्या प्रयोगशाळांचे संशोधन एका दिशेने नेत राहिले. करार, समित्या, निधीचे टक्के आणि दीर्घ बैठका, एवढीच त्यांची साधने.

३/ आधी विषय थोडक्यात. जड अणूचे केंद्रक फोडून ऊर्जा मिळवणे म्हणजे विखंडन. आजच्या अणुभट्ट्या याच तत्त्वावर चालतात. हलकी केंद्रके एकत्र आणून ऊर्जा मिळवणे म्हणजे संमीलन. सूर्य यावर चालतो, हायड्रोजन बॉम्बही.

अडचण अशी की दोन्ही केंद्रकांवर धन विद्युतभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना जवळ आणायचे तर वायू कोट्यवधी अंश तापवावा लागतो. एवढ्या तापमानाला अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूचा प्लाझ्मा बनतो. तो कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही, कारण भिंतीला स्पर्श होताच तो थंड पडतो. म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्राच्या अदृश्य भांड्यात कोंडायचे. या भांड्याचा आकार बहुधा मेदूवड्यासारखा असतो : मध्ये भोक असलेले गोल कडे, ज्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. प्लाझ्मा मात्र या भांड्यातून निसटण्याच्या असंख्य वाटा शोधून काढतो. संमीलन-संशोधनाचा सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे या वाटा एकेक करून बुजवण्याचा इतिहास.

४/ या इतिहासात मुंबईची एक ठळक नोंद आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. अध्यक्ष होते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक होमी भाभा. अध्यक्षीय भाषणात त्यांनी भाकीत केले की नियंत्रित संमीलनातून ऊर्जा मिळवण्याची पद्धत पुढील दोन दशकांत सापडेल.

त्या वेळी अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ, तिघेही हे संशोधन गुप्तपणे करत होते. परिषदेच्या कार्यक्रमात संमीलनाला स्थानच नव्हते. ज्या देशाकडे असा कोणताही गुप्त प्रकल्प नव्हता, त्या देशाच्या शास्त्रज्ञाने हा विषय भर सभेत काढला. त्यामुळे आपल्याकडेही असे संशोधन चालू आहे, हे बड्या राष्ट्रांना हळूहळू मान्य करावे लागले. भाभांची वीस वर्षे खरी ठरली नाहीत. गुप्ततेच्या भिंतीला पडलेली भेग मात्र खरी होती.

५/ एप्रिल १९५६ मध्ये ती भेग रुंदावली. ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन यांच्यासोबत इंग्लंडला आलेल्या इगॉर कुर्चातोव्ह यांनी हारवेल येथील ब्रिटिश अणुसंशोधन केंद्रात सोव्हिएत संमीलन-प्रयोगांवर खुले व्याख्यान दिले. सोव्हिएत बॉम्बच्या जनकाने ब्रिटिश शास्त्रज्ञांसमोर उभे राहून गुपित सांगितले, आणि आपण काय करतो आहोत हे त्याला सांगायला श्रोत्यांना परवानगी नव्हती!

६/ पुढचा धडा कडू होता. जानेवारी १९५८ मध्ये हारवेलच्या ‘झीटा’ यंत्राबाबत पत्रकार परिषद झाली. यंत्रातून न्यूट्रॉन बाहेर पडत होते आणि ते संमीलनातून येत असावेत असा कयास होता. सर जॉन कॉक्रॉफ्ट यांना खात्रीचे प्रमाण विचारले गेले, तेव्हा त्यांनी ९० टक्के असा आकडा दिला. वृत्तपत्रांनी उरलेल्या दहा टक्क्यांकडे लक्षही दिले नाही. समुद्राच्या पाण्यातून अमर्याद वीज, इंग्लंडचा कृत्रिम सूर्य अशा मथळ्यांचा पाऊस पडला.

मे महिन्यात खुलासा करावा लागला : न्यूट्रॉन होते, पण ते सर्व प्लाझ्मा एकसारखा तापल्यामुळे आलेले नव्हते. प्लाझ्मातील अस्थिरतेमुळे काही कण वेगाने फेकले जात होते आणि न्यूट्रॉन त्यांच्यापासून येत होते.

झीटा वाईट यंत्र नव्हते. त्यावर पुढे दहा वर्षे उत्तम काम झाले. परंतु ‘तापमान किती?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर विश्वासार्ह रीतीने कसे द्यायचे, हा प्रश्न त्या दिवसापासून संमीलनाच्या पाठीशी लागला.

७/ याच वर्षी, १ जानेवारी १९५८ ला, युरॅटम अस्तित्वात आले. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांचा हा अणुऊर्जा समुदाय. त्याच्या संमीलन-विभागाची सूत्रे पालेर्मोचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ पालुम्बो यांच्याकडे आली. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्याही आत होते.

विभागाकडे प्रयोगशाळा नव्हती. देशोदेशी विखुरलेले छोटे गट होते. त्यांपैकी काहींना भक्कम सरकारी पाठबळ होते, काही विद्यापीठाच्या एखाद्या तळघरात काम करत होते.

८/ समोरचा सोपा मार्ग एकच मोठी मध्यवर्ती प्रयोगशाळा काढण्याचा होता. जिनिव्हाला सर्न उभी राहिली होती आणि तिचे यश डोळ्यांसमोर होते. युरॅटम स्वतःही विखंडनाच्या क्षेत्रात इस्प्रासारखी संयुक्त संशोधन केंद्रे घेण्याच्या तयारीत होते. नव्या संस्थेच्या अधिकाऱ्याला इमारत, कर्मचारी आणि प्रवेशद्वारावरील पाटी यांचा मोह पडणे स्वाभाविक होते.

पालुम्बो यांनी तो मोह टाळला. त्यांनी देशोदेशीच्या प्रयोगशाळांशी ‘सहयोग करार’ करायला सुरुवात केली. पहिला करार १९५९ मध्ये फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाशी झाला. मग इटली, मग म्युनिकजवळची गार्किंग येथील माक्स प्लांक संस्था, नेदरलँड्स, युलिश. एकेक करत सगळे आत आले.

९/ कराराची रचना वरवर पाहता रुक्ष वाटते, पण या कथेचे मर्म तिच्यातच आहे. प्रयोगशाळा त्या-त्या देशाचीच राहायची. खर्चाचा ठरावीक हिस्सा युरॅटम द्यायचे. पुढे स्थिरावलेल्या पद्धतीत सर्वसाधारण खर्चाच्या सुमारे २५ टक्के. त्या बदल्यात प्रत्येक सहयोगासाठी संयुक्त सुकाणू समिती असायची, युरॅटमचे काही शास्त्रज्ञ थेट त्या प्रयोगशाळेत नेमले जायचे, आणि मुख्य म्हणजे निष्कर्ष सर्वांना खुले असायचे.

पंचवीस टक्क्यांत कोणाला हुकूम देता येत नाही. उरलेले पंचाहत्तर टक्के देणारे सरकार तो मानणारच नाही. पण पंचवीस टक्के सोडून देणेही कोणत्या संचालकाला परवडत नाही. टेबलाशी बसण्याचा हक्क मिळावा आणि टेबल ताब्यात घेतल्याचा आरोप होऊ नये, एवढाच तो हिस्सा होता. पालुम्बो यांची सत्ता या अरुंद पट्ट्यातच राहिली. तिच्या मर्यादा त्यांना बहुधा इतर कोणापेक्षाही चांगल्या ठाऊक होत्या.

सर्व प्रयोगशाळांच्या प्रमुखांना त्यांनी ‘ग्रुप द लिएझाँ’ नावाच्या समन्वय गटात एकत्र आणले. तेथे शक्यतो मतदानापेक्षा एकमतावर भर असे. एकमतासाठी वेळ लागतो. टीकाकारांना ही दिरंगाई वाटे. मात्र एकदा एकमत झाले की सहाही राजधान्यांत तोच प्रस्ताव पोहोचत असे, आणि प्रत्येक सरकारचे स्वतःचे तज्ज्ञच त्याची बाजू मांडत असत.

१०/ साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात युरॅटम जवळजवळ कोलमडले. प्रत्येक देशाला स्वतःची अणुभट्टी, स्वतःचा उद्योग हवा होता. १९६७ नंतर नव्या पंचवार्षिक कार्यक्रमावर सहमती होईना आणि वर्षावर्षाच्या तात्पुरत्या अंदाजपत्रकांवर दिवस काढावे लागले. विखंडनाच्या सामायिक कार्यक्रमाची वाताहत झाली. संमीलनाचा कार्यक्रम तगला.

यात पालुम्बो यांच्या रचनेचा वाटा होता, तसा एका कमी गौरवास्पद कारणाचाही : संमीलनात विकण्यासारखे काहीच तयार झालेले नव्हते. ज्यात नफा दिसत नाही त्यावर भांडण होत नाही. युरोपीय सहकार्याच्या इतिहासकारांनी ही गोष्ट थोडी अधिक मोकळेपणाने मान्य करायला हवी.

याच धामधुमीत, १९६८ मध्ये, त्यांनी बंदिस्त चुंबकीय रचनांतील प्लाझ्माच्या समतोलावर एक सैद्धांतिक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील ‘आयसोडायनॅमिक’ समतोलाची कल्पना प्लाझ्मा-भौतिकीत अजून अभ्यासली जाते. फायलींच्या ढिगाऱ्याआड भौतिकशास्त्रज्ञ जिवंत होता.

११/ त्याच वर्षी मॉस्कोतून बॉम्ब पडला. अर्थात शब्दांचा.

ऑगस्ट १९६८, नोव्होसिबिर्स्क. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या परिषदेत लेव्ह आर्त्सिमोविच यांनी कुर्चातोव्ह संस्थेतील ‘टी-३’ यंत्राचे आकडे मांडले. इलेक्ट्रॉनांचे तापमान सुमारे एक कोटी अंश, आणि प्लाझ्मा टिकण्याचा काळ पाश्चात्य यंत्रांपेक्षा कितीतरी अधिक. यंत्राच्या प्रकाराचे नाव ‘टोकामॅक’. मूळ कल्पना ताम आणि सखारोव्ह यांची. मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीतील प्लाझ्मामधूनच मोठा विद्युतप्रवाह सोडायचा आणि बाहेरच्या वेटोळ्यांचे बलवान चुंबकीय क्षेत्र त्याला जोडून द्यायचे.

पाश्चात्य श्रोत्यांना संशय आला. सोव्हिएत मापन अप्रत्यक्ष होते. थोडेसे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने पळत असले आणि बाकीचा प्लाझ्मा थंडच असला, तरी आकडा असाच फुगलेला दिसू शकला असता. झीटाची आठवण दहाच वर्षांची होती.

१२/ आर्त्सिमोविच यांनी यावर जे केले त्याला विज्ञानाच्या इतिहासात फार थोडी उदाहरणे आहेत. कुलहॅमचे संचालक बॅस पीस यांना त्यांनी सुचवले : तुमचे लोक, तुमची उपकरणे घेऊन मॉस्कोला या आणि आमच्या यंत्राचे तापमान तुम्हीच मोजा.

कुलहॅमकडे त्यासाठी नेमके साधन होते. लेसरची शक्तिशाली शलाका प्लाझ्मातून सोडायची. इलेक्ट्रॉनांवर आदळून तिचा अत्यल्प अंश विखुरतो. इलेक्ट्रॉन जितके वेगवान, तितका त्या विखुरलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा पट्टा रुंद. पट्टा मोजला की तापमान थेट मिळते. पळपुटे मूठभर इलेक्ट्रॉन येथे फसवू शकत नाहीत.

बोलणी चालू असतानाच, परिषद संपून तीन आठवडेही झाले नव्हते तोवर, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. शीतयुद्धाच्या त्या गारठ्यातही योजना रद्द झाली नाही. १९६९ मध्ये निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन, माइक फॉरेस्ट आणि पीटर विल्कॉक हे कुलहॅमचे शास्त्रज्ञ सुमारे पाच टन उपकरणे घेऊन मॉस्कोत दाखल झाले. ज्या कुर्चातोव्ह संस्थेत सोव्हिएत बॉम्बचा कार्यक्रम जन्मला होता, तिच्या आवारात ब्रिटिश लेसर उभा राहिला.

१३/ सुरुवातीला काम जमेना. प्लाझ्मा स्वतःच झगमगत होता आणि त्या झगमगाटात विखुरलेल्या प्रकाशाची क्षीण खूण सापडत नव्हती. सोव्हिएत सहकारी व्ही. सान्निकोव्ह यांच्यासह महिनोन्महिने खटपट झाली. अखेर आकडे आले. आर्त्सिमोविच खरे बोलत होते.

नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध छापून आला. लेखकांच्या यादीत चार ब्रिटिश आणि एक रशियन. तोपर्यंत अमेरिकेत प्रिन्स्टनने आपले ‘मॉडेल-सी’ हे स्टेलरेटर मोडून टोकामॅकमध्ये रूपांतरित करायला घेतले होते. १९७० च्या मे महिन्यात ते चालूही झाले. संशयाचे प्रचारात रूपांतर होण्यास असा थोडा वेळ लागला.

१४/ युरोपात काय झाले? येथे पालुम्बो यांचा रुक्ष करारनामा कामी आला. ज्या प्रयोगशाळा दशकभर वेगवेगळ्या यंत्रांवर पैसे खर्च करत होत्या, त्यांना एकाच वेळी वळवायचे होते, आणि हुकूम देण्याचा अधिकार तर नव्हता. मग प्रलोभन ठेवले गेले. समन्वय गटाने अग्रक्रमाचे ठरवलेल्या यंत्रांच्या उभारणीसाठी नेहमीच्या पंचवीसऐवजी सुमारे ४५ टक्के हिस्सा युरॅटम देणार!

कोणालाही स्वतःचे काम बंद करण्यास सांगितले गेले नाही. गार्किंगने स्टेलरेटर सोडले नाही, आणि पुढील काळ पाहता ते बरेच झाले. परंतु नवा पैसा टोकामॅककडे वाहू लागला. फ्रान्सच्या फोंतने-ओ-रोझ येथे १९७३ मध्ये ‘टीएफआर’ हे यंत्र चालू झाले. त्याच्या प्लाझ्मातील प्रवाह ४ लाख अँपिअरपर्यंत जाई.

१५/ त्यापुढचे पाऊल एका देशाच्या आवाक्यातले नव्हते. १९७३ मध्ये ब्रिटन समुदायात आले, त्यामुळे कुलहॅमही युरॅटमच्या कक्षेत आले. त्याच वर्षी कुलहॅममध्ये ‘जॉइंट युरोपियन टोरस’ म्हणजे ‘जेट’च्या आराखड्यासाठी अनेक देशांतील अभियंते आणि शास्त्रज्ञ एकत्र बसले. प्रमुख होते फ्रान्सचे पॉल-आंरी रेबू, टीएफआरचे शिल्पकार.

रेबू यांचा आराखडा धाडसी होता. टीएफआरच्या कित्येक पट मोठा प्रवाह, आणि प्लाझ्माचा छेद गोल नव्हे तर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा. हा आकार निव्वळ भौतिकशास्त्रातून आलेला नव्हता. कड्याच्या आतल्या बाजूला चुंबकीय क्षेत्र तीव्र असते, त्यामुळे गोल वेटोळ्यांवर वाकवणारा प्रचंड ताण येतो. ‘डी’ आकारात वेटोळे त्या ताणाला स्वाभाविकपणे सामावून घेते. अभियंत्याने सोयीसाठी घेतलेला निर्णय भौतिकशास्त्राच्या पुढे निघाला : अशा उभट प्लाझ्मातून अधिक प्रवाह सोडता येतो हे नंतर प्रत्यक्ष दिसले, आणि आजचे बहुतेक मोठे टोकामॅक याच आकाराचे आहेत. अनेकांना मात्र तेव्हा ही उडी अविवेकी वाटली. पालुम्बो रेबूंच्या आराखड्यामागे उभे राहिले.

१६/ १९७५ मध्ये आराखडा तयार झाला. पैशांचे सूत्रही पुढे ठरले : ८० टक्के युरॅटम, १० टक्के यजमान देश, उरलेले १० टक्के इतर सहयोगी. तांत्रिक वाद संपले. मग राजकारण सुरू झाले.

यंत्र कोठे? कुलहॅम, गार्किंग, युलिश, इस्प्रा, फ्रान्सचे कादाराश, बेल्जियमचे मोल, अशी सहा नावे पुढे आली. युरोपीय आयोगाने इस्प्राच्या बाजूने कौल दिला. संयुक्त केंद्र आधीच तेथे होते आणि त्याला काम हवे होते. ब्रिटन आणि जर्मनीला ते मान्य होईना. पालुम्बो यांची स्थिती कशी होती याची कल्पना करावी : ते इटालियन, नोकरी आयोगाची, जागा इटलीतली, आणि ज्या प्रयोगशाळांचा विश्वास त्यांनी पंधरा वर्षे जपला त्यांपैकी निम्म्या स्वतःच उमेदवार.

१७/ मंत्र्यांची बैठक भरे आणि विषय पुढे ढकलला जाई. १९७५ सरले, १९७६ सरले. कुलहॅममधील आराखड्याचा गट तयार नकाशे घेऊन बसून होता. हे लोक आपापल्या प्रयोगशाळांतून काही काळासाठी आलेले होते. मूळ संस्था त्यांना परत बोलावू लागल्या. काही गेलेही. गट विसर्जित करण्याची वेळ येते की काय अशी स्थिती १९७७ मध्ये आली.

एखादे यंत्र भौतिकशास्त्राच्या नियमांमुळे अपयशी ठरले तर त्याची नोंद तरी होते. नकाशे पूर्ण असताना केवळ पत्ता न ठरल्यामुळे ते मरणार होते. समन्वयकाच्या हाती यावर इलाज नव्हता. गट एकत्र ठेवायचा, पुढच्या बैठकीपर्यंतचा निधी मिळवायचा आणि एकाही प्रयोगशाळेला रागाने उठून जाऊ द्यायचे नाही, एवढेच काम उरले होते.

१८/ आणि मग ऑक्टोबर १९७७ आणि मोगादिशू.

प्रचलित कथा अशी : ओलिसांच्या सुटकेत ब्रिटनने केलेल्या मदतीमुळे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट कृतज्ञ झाले, पंतप्रधान जेम्स कॅलाहन यांच्याशी संबंध सुधारले आणि गार्किंगचा आग्रह जर्मनीने सैल केला. कथा आकर्षक आहे आणि जेटच्या वर्तुळात ती आजही सांगितली जाते. तारखा तिच्या बाजूने बोलतात. परंतु प्रत्यक्ष निर्णय मंत्र्यांच्या बहुमताने झाला, आणि तोवर आणखी विलंब केल्यास ठरवण्यासारखे काही उरणारच नाही हे सर्वांना कळून चुकले होते. विमानाच्या घटनेने दार उघडले असेल. दाराशी माणसे उभी होती, कारण दोन वर्षे कोणीतरी त्यांना तेथून हलू दिले नव्हते.

१९/ पुढचा भाग लवकर आटोपतो, कारण तो सुरळीत झाला. १ जून १९७८ रोजी जेटचा संयुक्त उपक्रम कायदेशीररीत्या स्थापन झाला. संचालकपदी सर्नमधून हान्स-ओटो व्यूस्टर हे जर्मन शास्त्रज्ञ आले. जागा इंग्लंडची, संचालक जर्मन, मुख्य अभियंता फ्रेंच, ब्रुसेल्समधील समन्वयक इटालियन. असा तोल आपोआप साधत नाही. २५ जून १९८३ रोजी यंत्रात पहिला प्लाझ्मा पेटला. ९ एप्रिल १९८४ रोजी राणी एलिझाबेथ यांनी फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांच्या उपस्थितीत औपचारिक उद्घाटन केले.

२०/ एक गोष्ट मात्र सुरळीत नव्हती आणि उद्घाटनाच्या छायाचित्रांत ती दिसत नाही. जेटच्या नियमांनुसार ब्रिटिश कर्मचारी यजमान संस्थेच्या, म्हणजे ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाच्या वेतनश्रेणीत राहिले. इतर देशांतून आलेले युरोपीय समुदायाच्या श्रेणीत. काम तेच, टेबल शेजारीशेजारी, पगारात मोठी तफावत. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेले. १९८७ मध्ये कर्मचारी हरले. पुन्हा लढले आणि १९९६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

‘यजमान देशाची संस्था आपली माणसे आपल्याच नियमांनी ठेवील’ हे तत्त्व सहयोग कराराच्या मूळ कल्पनेशी पूर्ण सुसंगत होते. प्रयोगशाळांना स्वायत्तता देणाऱ्या व्यवस्थेचे बिल शेवटी कोणाच्या नावावर फाडले गेले, तेही या इतिहासात लिहिले पाहिजे.

२१/ पालुम्बो १९८६ मध्ये निवृत्त झाले. पाच वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९९१ रोजी, जेटमध्ये ड्युटेरियम आणि ट्रिशियम यांचे मिश्रण प्रथमच वापरले गेले आणि मेगावॉटच्या पातळीवर संमीलन-शक्ती मिळाली. १९९७ मध्ये १६ मेगावॉट. ती मिळवण्यासाठी प्लाझ्मा तापवायला सुमारे २४ मेगावॉट घालावे लागले होते, ही गोष्ट मथळ्यांत नेहमीप्रमाणे मागे पडते. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी, बंद होण्यापूर्वीच्या अखेरच्या प्रयोगमालिकेत, एकाच स्पंदात ६९ मेगाज्यूल ऊर्जेचा विक्रम झाला. त्या डिसेंबरमध्ये यंत्र कायमचे थांबले. रचनेत धरलेल्या आयुष्यापेक्षा ते कितीतरी अधिक वर्षे चालले.

२२/ जेटनंतरच्या यंत्राचे नाव ‘इटर’. त्याची बीजे १९८५ च्या रेगन–गोर्बाचेव्ह शिखर बैठकीत पडली. आणि पुन्हा तोच प्रश्न आला : पत्ता कोणता? फ्रान्सचे कादाराश की जपानचे रोक्काशो? पुन्हा दीड-दोन वर्षे गेली. २८ जून २००५ रोजी मॉस्कोत तडजोड झाली. कादाराशला यंत्र, आणि जपानला १० टक्के वर्गणीच्या बदल्यात २० टक्के पदे आणि पहिला महासंचालक. १९७७ चे नाटक, पात्रे फक्त मोठी.

२३/ डिसेंबर २००५ मध्ये भारत या प्रकल्पात सामील झाला. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसमध्ये सात सदस्यांनी करारावर सह्या केल्या. येथेही वर्गणी मुख्यतः रोख रकमेत नव्हे, तर वस्तूंच्या रूपात ठरली : प्रत्येकाने यंत्राचा ठरलेला भाग आपल्या देशात, आपल्या उद्योगांकडून घडवून द्यायचा. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेमार्फत चालणाऱ्या ‘इटर-इंडिया’कडे संपूर्ण यंत्राला कवेत घेणारे निर्वात पात्र, म्हणजे क्रायोस्टॅट आले. उंची आणि व्यास प्रत्येकी सुमारे २९ मीटर, वजन सुमारे ३,८०० टन. ते सुरतजवळच्या हझिरा येथे लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात तुकड्यातुकड्यांनी घडले आणि कादाराशला खास उभारलेल्या शाळेत जोडले गेले. त्याच्या झाकणाचे अखेरचे भाग ३० जून २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, हझिराहून फ्रान्सकडे रवाना झाले.